वाकड्या दांड्याची कुऱ्हाड

घोंगडीखाली दडवलेली बर्फाची पेटी.

कानामागचं श्रवणयंत्र.

उकळत्या पाण्यात दोन तास बुडवून ठेवलेला, हिकरीच्या चिवट लाकडाचा दांडा.

सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईचे तळहात.

पोलादावरचा निळा डाग, नखाएवढा.

मित्रांनो, मी एक जुनी तासकामाची कुऱ्हाड आहे. वर सांगितलं ते माझंच आयुष्य. क्रम चुकला असेल, तर चुकू दे. क्रम लावायला मी मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका नाही.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, नाल्याकाठच्या एका लोहारानं मला घडवलं. झाड पाडणारी कुऱ्हाड वेगळी. मी पडलेल्या गोल ओंडक्याला सपाट बाजू देते. म्हणून माझा एक गाल पाटासारखा सपाट आहे आणि धारेचा उतार फक्त दुसऱ्या गालावर. दांडा मुद्दाम बाहेर वाकवलेला, म्हणजे तासताना बोटांची सालं ओंडक्यावर निघत नाहीत. माझा पहिला मालक साइझमोर डावखुरा होता, म्हणून लोहारानं मला डाव्या हाताची केली. दांड्याचं भोकही एका बाजूनं निमुळतं. मला उलटी बसवता येत नाही.

एवढं लक्षात ठेवा. कॅप्टनला ते जमलं नाही.

साइझमोरांच्या घरात मी पिढ्यान् पिढ्या राबले. घरं उभी केली, पूल बांधले, पुढे रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर तासले. शेवटचा हात हॉबर्टचा. मग यंत्राच्या करवती आल्या आणि मी ओसरीतल्या खुंटीवर गेले. तिथं मला कुणी विचारीना. त्याचं दुःख नाही. दुःख पुढंच आहे: लोक मला विचारायला लागले.

दर शरदात नाल्याकाठच्या माळावर तीन दिवस मेळावा भरतो. लोक तंबू ठोकून जुन्या वसाहतवाल्यांसारखं राहतात, म्हणजे तसं त्यांना वाटतं. झालरीचं कातडं घालतात, चकमकीनं विस्तव पेटवतात आणि नाही पेटला की तंबूत जाऊन लायटर आणतात. हे रान ज्यांचं होतं त्या शॉनी लोकांचा तंबू मात्र मी तिथं एकदाही पाहिला नाही. या सगळ्यांचा पुढारी गेलन प्रेटर. वर्षभर विम्याच्या कचेरीत बसतो, तीन दिवस ‘कॅप्टन’ असतो. त्याच्या टोपीला रॅकूनची शेपटी होती आणि शेपटीला धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी.

माळावर ओंडक्यांची एक खरीखुरी जुनी खोपी आहे. तिचा तळाचा ओंडका कुजला होता. नवा तासून बसवला नाही तर हिवाळ्यातल्या बर्फात ती बसणार, हे उघड होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा हॉबर्ट मला खांद्यावर घेऊन मेळाव्याच्या फाटकाशी आला.

“तासून दाखवतो,” तो म्हणाला. “बघून शिका कुणीतरी.”

कॅप्टननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगात पट्ट्यांची निळी विजार, कानामागे यंत्र. “काका, राग मानू नका. पण अठराशे चाळीसनंतरचं काही आत चालत नाही. नियम आहे.”

“मी एकोणीसशे एकेचाळीसचा आहे. मग मीच नको की.”

“कपडे बदलून या ना.”

“आणि तुझ्या घोंगडीखालची ती बर्फाची पेटी कुठल्या सालची रे, गेलन?”

मागं बीन्सच्या कढईशी उभी असलेली ड्रेमा फस्सकन हसली. ड्रेमा स्टॅम्पर, तीच ती बस चालवणारी. कॅप्टनचे कान लाल झाले. “मग तूच तास,” म्हणत हॉबर्टनं मला फाटकाला टेकवलं आणि तो चालता झाला. तासणं येणारा त्या परगण्यातला एकमेव माणूस विजारीपायी बाहेर राहिला. अस्सलपणा जपला गेला!

मग कॅप्टननं माझ्याकडं पाहिलं. “अरेरे, दांडा पावसानं वाकलाय.” त्यानं तो काढून दुकानातला सरळसोट दांडा ठोकला. धार एकाच बाजूला दिसली, तर म्हणाला, “अर्धवट काम केलंय कुणीतरी.” आणि विजेच्या चाकावर माझा सपाट गाल घासला. ठिणग्या उडाल्या. पोलाद तापून निळं पडलं. लोहारानं दिलेलं पाणी त्या डागापुरतं उतरलं.

दुपारी लोक जमले. कॅप्टननं मला उजव्या हातानं धरलं आणि घाव घातला. मी ओंडक्यावरून सटकले आणि त्याची चार बोटं सोलली. पुन्हा घाव, पुन्हा बोटं. ओंडका उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसायला लागला. नाचता येईना, अंगण वाकडं. “कुऱ्हाडच खोटी आहे,” त्यानं जाहीर केलं. मग मला खोपीच्या भिंतीवर टांगलं आणि खाली पाटी लावली: ‘शूर पूर्वजांचे हत्यार’. शेजारी प्लास्टिकची मक्याची कणसं.

मेळावा उठला त्या दिवशी ड्रेमानं मला भिंतीवरून काढलं आणि हॉबर्टच्या ओसरीवर नेलं.

त्यानं माझ्या गालावरून अंगठा फिरवला. “हे कुणी केलं?”

“कॅप्टननं.”

“गाढवाला सुद्धा लाथ कुठं मारायची ते कळतं.”

“काका, मला शिकवा. तो ओंडका मी तासते.”

“माझे हात बघ.” हात थरथरत होते. “चार घाव दाखवले असते, अख्खा ओंडका आता होत नाही. आणि पानगळ संपली की लेक मला ओहायोला नेणार. सहा आठवडे आहेत.”

“मग तोंडानं शिकवा. तोंड तर थरथरत नाही तुमचं.”

अकरा दिवस ड्रेमा मला कानशीनं घासत होती. निळा डाग गेला, उतरलेलं पाणी त्याच्याबरोबर गेलं. गाल पुन्हा सपाट झाला. मी बोटभर झिजले. तिनं हिकरीचा दांडा घडवला, उकळत्या पाण्यात मऊ केला आणि दोन खुंट्यांमध्ये वाकवला.

मग तासणं. डावा हात पुढं, उजवा मागं. ड्रेमाचा जन्म उजव्या हातात गेलेला. पहिला ओंडका पिळवटलेल्या फडक्यासारखा निघाला.

“हा हात माझं ऐकतच नाही!” तिनं मला गवतात टाकलं. “तुम्ही डावखुरे, तुम्हाला काय जातंय सांगायला?”

हॉबर्टनं तंबाखूची पिंक टाकली. “कुऱ्हाड बदलणार नाही, पोरी. तू बदल. घे.”

दुसरा ओंडकाही फुकट गेला. तिसऱ्यावर, शेवटच्या आठवड्यात, माझा गाल लाकडावरून पाण्यासारखा सरकला. लांबच लांब पापुद्रे निघाले. हॉबर्ट खुर्चीतून उठला, डोळे मिटून तळहात ओंडक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. “हं,” म्हणाला. त्याच्या घराण्यात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

तो ओंडका खोपीखाली बसला. कॅप्टननं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, टोपीसकट. हॉबर्ट त्याआधीच ओहायोला गेला होता. ड्रेमा आता पुढचा ओंडका तासते, स्वतःच्या अंगणात, शर्टपँट घालून.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला भिंतीवर टांगून हळहळू नका. जवसाचं तेल लावा, विजेच्या चाकाजवळ नेऊ नका, आणि ज्याला ती चालवता येते त्याच्याकडं घेऊन जा. त्याची विजार कुठल्या सालची आहे ते विचारू नका. एवढं होत नसेल तर तिला गंजू द्या. गंजाला निदान शेपटीची टोपी लागत नाही.

ड्रेमा त्याला डावखुरा म्हणाली खरी, पण हॉबर्ट जेवताना चमचा उजव्या हातात धरायचा.