युरोपचा पुणेरी नकाशा

माझ्या नवऱ्याला सगळा युरोप कळला आहे, असं त्याला वाटतं. तो तिकडे दोनदाच गेलाय, दोन्ही वेळा विमानतळाजवळच्या हॉटेलात राहून आलाय, पण तेवढ्याने त्याचं काही अडत नाही. त्याला पुणं कळलंय, आणि बाकीच्या जगाचा अर्थ तो त्यावरून लावतो.

"हे बघ विनीता," सुबोध म्हणाला, "हायनर जर्मन. म्हणजे आपला पेठेतला माणूस. सातला जेवायला बोलावलं की सातला बेल वाजणार. मारिके डच. तीही पेठेतलीच, फक्त जास्त फटकळ. दोन घास खाईल आणि पुरे म्हणेल. फाबिओ इटालियन, म्हणजे तुमचा नागपूरकर. गप्पा छाटत तासाभराने उगवेल. म्हणून त्याला मी सहाचीच वेळ दिलीय."

"आणि तुमच्या ऑफिसातला तो मारेक? पोलंडचा?"

"त्याचं काही कळत नाही. बहुतेक सोलापूर."

मी नागपूरची आहे. एरवी एवढ्यावर मी चांगलं भांडण काढलं असतं, पण त्या आठवड्यात मला भांडायचीही भीती वाटत होती. हायनर, मारिके आणि फाबिओ ही तिघं हेड ऑफिसहून आली होती, आणि सिंगापूरच्या दोन मॅनेजरांपैकी एकालाच ठेवणार होती. सुबोध किंवा मारेक. आमचे इथे राहायचे पास सुबोधच्या नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की महिन्याभरात आम्ही तिघांनी गाशा गुंडाळायचा. आणि आमच्या लेकीची, अवनीची, ओ-लेव्हल, म्हणजे इथली दहावी, ऑक्टोबरात. ऐन दहावीच्या पोरीला मधूनच उचलून पुण्यात कुठल्या शाळेत, कुठल्या बोर्डात घालायचं, हे मी रात्री जागून फोनवर शोधत होते.

जेवणाच्या दिवशी सहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात फाबिओ, हातात फुलं, शर्टाला कडक इस्त्री. मी गाऊनमध्ये, केसांना तेल. हायनर उगवला आठला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उलट्या दिशेला बसला होता, आणि परत येताना बेडोक स्टेशनात उतरून हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर निवांत साटेचे कबाब खाऊन आला. मारिकेने पाटवडीचा रस्सा तीनदा घेतला आणि उरलेला डब्यात भरून मागितला.

सुबोध स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजला, "हे लोक असे नसतात गं."

"तू जाऊन सांग त्यांना तसं," मी म्हणाले.

बाहेर तिघांचं मस्त चाललं होतं. फाबिओ म्हणाला, जर्मन माणूस सुट्टीचासुद्धा आराखडा करतो. हायनर म्हणाला, इटालियन आराखड्यालाच सुट्टी देतो. मारिके म्हणाली, बिल तुम्ही दोघं भरणार असाल तर मी रात्रभर ऐकेन. सुबोध प्रत्येक विनोदाला तो संपायच्या आधीच हसत होता. मला ते बघवेना.

मग हायनरने चमचा खाली ठेवला. नवी सिस्टिम डिसेंबरपर्यंत चालू करायची, तीही निम्म्या माणसांत. जमेल का, त्याने सुबोधला विचारलं.

आठवडाभर सुबोध घरात येरझाऱ्या घालत हेच बडबडत होता. शक्यच नाही, ह्यांना अक्कल नाही, तोंडावर सांगणार आहे. त्याचं ते 'नाही' मी चांगलं ओळखते. मला बघायला आला होता तेव्हा माझ्या आईने कौतुकाने विचारलं, पोहे कसे झालेत, तर मीठ कमी आहे म्हणालेला हा माणूस.

"येस, शुअर," सुबोध म्हणाला. "कॅन डू."

अवनीने ताटातून मान वर केली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू सेड कॅनॉट लाह."

तिला टेबलाखालून लाथ बसली असावी, कारण ती एकदम गप्प झाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

निघताना लिफ्टपाशी मारिकेने मला हळूच विचारलं, सुबोध कधी कुणाला नाही म्हणतो का?

"घरी तो दुसरं काही बोलतच नाही," मी अगदी कळवळून सांगितलं. "पुण्याचा आहे हो तो."

तिने माझा हात दाबला. भारतीय बायका नवऱ्याला किती सांभाळून घेतात, म्हणाली, आणि डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरली. मी तिथेच उभी राहून रडले.

दोन दिवसांनी संध्याकाळी हायनरचा फोन आला. सुबोधने स्पीकरवर घेतला. ते मारेकला ठेवणार होते. कामात काही खोट नाही, हायनर म्हणाला, पण आम्हाला नाही म्हणणारा माणूस हवाय. मारेकने जमणार नाही असं तिघांना तोंडावर सांगितलं. तुम्ही भारतीय लोक फार गोड, पण तुमच्या 'हो'चं काय करायचं ते आम्हाला कळत नाही. मग म्हणाला, डिसेंबरपर्यंत थांबून मारेकला सगळं शिकवशील ना? तोवर पगारही चालू, पासही.

डिसेंबर. म्हणजे अवनीची परीक्षा होऊन जाते. मी सुबोधसमोर उभी राहून, हो म्हण म्हणून, जोरजोरात मान हलवत होते. त्याचं लक्ष नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते.

"नो," तो म्हणाला. "आय विल नॉट." आणि वर मराठीत, "जमणार नाही." फोन ठेवला.

त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं, पोह्यांच्या वेळचं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला त्याचा अभिमान वाटला. या देशात आल्यापासून हा माणूस मला बाहेरच्यांपुढे दिसलाच नव्हता.

अवनीने पेन खाली ठेवलं. "देन माय ओ-लेव्हल हाउ?"

सुबोध तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी पेन उचलून अवनीच्या हातात परत दिलं. त्याने फोन उचलला आणि पुन्हा स्पीकरवर लावला.

"येस हायनर," तो म्हणाला. "शुअर. कॅन डू."

हायनरला जराही नवल वाटलं नाही. त्याने छानपैकी आभार मानले. मागून फाबिओचं मोठ्ठं हसू ऐकू आलं, आणि मारिकेचा आवाज, मी म्हटलं नव्हतं, पाच मिनिटांत परत फोन करेल म्हणून?