वीतभर अंतरावरून

तिसऱ्या दिवशी माझे डोळे मिटले ते उघडेचनात. सूज येणार हे दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण कागदावर 'सूज' वाचणं वेगळं आणि आपलेच गाल फुगून आपल्याच डोळ्यांवर येऊन बसणं वेगळं. लेझरने चेहऱ्यावरची वरची कातडी पार उतरवली होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत. खाली जे काही उरलं होतं ते गळत होतं, ठणकत होतं, आणि त्यावर दर चार तासांनी ओल्या घड्या ठेवायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आयुष्य परीक्षानळ्या धुण्यात गेलं, त्यामुळे मापाच्या बाबतीत भलता काटेकोर. उकळून गार केलेलं दोन कप पाणी, त्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर. तो चमचा डोळ्यासमोर धरून, वाकून, पातळी बघून मगच ओतायचा. मला दिसत नव्हतं, पण तेवढा वेळ लागायचा त्यावरून मी ओळखायचे.

"झोंबतंय का फार?"

"नाही, गुदगुल्या होतायत. अहो, हळू जरा. चेहरा आहे माझा, तुमची परीक्षानळी नाही."

घडी झाली की तो पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यायचा. पाठीला तीन उशा लावून मी रात्रंदिवस बसूनच. आडवं व्हायचं नाही, खाजवायचं नाही, हसायचं नाही. हसण्याचा प्रश्न आमच्या घरात तसाही फारसा उद्भवत नाही.

हे सगळं मी का केलं? एका खुर्चीसाठी.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. बावीस वर्षं पुढच्या खुर्चीवर होते. गिऱ्हाईक समोर बसतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. त्याच्या नाकावर फ्रेम ठेवायची, बुबुळ काचेमागे नेमकं कुठे येतं तिथे पेनाने ठिपका द्यायचा, काड्या गरम करून कानामागे वळवायच्या. सगळं वीतभर अंतरावरून. त्या अंतरावरून मला माणसाचं सगळं दिसतं. एक कान वर, एक खाली; नाक जरासं डावीकडे; कालचं रडणं. आणि त्यांना माझे गाल दिसतात. म्हणजे खड्डे. पंधराव्या वर्षी मुरूम आले, जाताना खड्डे ठेवून गेले.

गेल्या वर्षी मालकांनी मला मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. "पुढच्या खुर्चीला जरा वेगळं माणूस हवंय," एवढंच म्हणाले आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. पुढे एक चोवीस वर्षांची मुलगी आली. गाल असे की माशी बसली तर घसरून पडेल. मी तिचं नाव बाहुली ठेवलं. मला कळायचं ते कळलं. आयुष्यभर हेच तर कळत आलं होतं. कॉलेजच्या नाटकात मला पडद्यामागे ठेवलं ते का, मैत्रिणी एकेक करून का गळल्या, सख्खी धाकटी बहीण सुट्टीत माझ्याकडे दोन दिवसांच्या वर का राहत नाही. उत्तर आरशात होतं, ते दुसरीकडे कुठे शोधायची गरजच पडली नाही.

बाहुलीला वर्षभर उमेदवारीवर ठेवलं होतं. या महिन्याच्या शेवटी मालक ठरवणार होते, खुर्ची कायमची तिला की परत मला. म्हणून मी तीन आठवडे रजा काढली, दवाखान्यात नाव घातलं आणि कातडी उतरवून घेतली. नवीन चेहरा घेऊन महिनाअखेर दुकानात उभी राहीन, मग बघू कोण काय म्हणतं, असा हिशोब होता.

नवव्या दिवशी बाहुली घरी आली. डोळे उघडले होते तोवर. खपल्या धरल्या होत्या, त्यांना इतकी खाज की जीव नकोसा व्हावा. ती संत्री घेऊन आली आणि माझ्याकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"बस," मी म्हटलं. "लागण होत नाही याची."

बसली बिचारी खुर्चीच्या कडेवर. मग हळूच विचारलं, "ताई, एक अडलंय. एक आजोबा आहेत, त्यांचा चष्मा सारखा तिरका होतो. चार वेळा काड्या वाकवल्या मी."

"काड्या वाकवून काय होणार? आधी नाक बघ. फ्रेमची नाकावर टेकणारी एक गादी आत घ्यावी लागेल. वर्षभर बसून तिथे काय केलंस, माश्या मारल्यास?"

ती ओशाळली. पण वहीत लिहून घेतलं तिने. म्हणाली, "तुम्हीच असायला हव्या होतात तिथे. मी सरांना तसं म्हणालेसुद्धा. मला नाही जमत तुमच्यासारखं."

"मग काय म्हणाले तुझे सर?"

ती संत्र्याच्या पिशवीशी चाळा करत बसली.

"बोल. चावत नाही मी."

"म्हणाले, त्यांच्यासारखा हात शहरात नाही. पण…"

"पण हा चेहरा."

"चेहरा?" तिने मान वर केली. खरंच गोंधळली होती पोर. एवढं नाटक तिला करता येत नाही. "चेहऱ्याचं कुठे काय म्हणाले ते? ताई, ते तुमच्या बोलण्याबद्दल म्हणत होते. गिऱ्हाइकं दुखावतात म्हणे. कोणी एक बाई रडत बाहेर गेल्या होत्या म्हणाले सर, त्यांच्या मिस्टरांनी नंतर येऊन फार तमाशा केला."

मला ती बाई आठवली. लग्नाच्या वाढदिवसाला तिच्या नवऱ्याने आणलं होतं. रुंद, गोल चेहरा, आणि हट्ट कसला तर नाजूक सोनेरी फ्रेमचा. मी म्हटलं होतं, "भोपळ्याला टाचणी लावल्यासारखं दिसतंय." दिसतच होतं तसं. ती फ्रेम तिने घेतली नाही, म्हणजे मी तिचं भलंच केलं, असं मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलंही होतं.

"अशा आणखी पण आहेत," बाहुली अगदी बारीक आवाजात म्हणाली, आणि उठलीच. जाताना चप्पल घालतानाही तिने वळून बघितलं नाही.

नवरा स्वयंपाकघरात होता. दुपारच्या घडीची तयारी चालली होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

चमचा त्याच्या डोळ्यासमोर होता. तो तसाच राहिला.

"मालक भेटले होते," तो म्हणाला. "मागच्या वर्षी, बँकेत. म्हणाले, तुम्ही जरा समजावून सांगा त्यांना."

"मग?"

"सांगणार होतो."

"वर्ष झालं! मी दवाखान्यात नाव घातलं, भूल देणारं मलम लावून त्या टेबलावर पडले, जळका वास येत होता माझ्याच कातडीचा. आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात, मूग गिळून!"

"तू म्हणालीस चेहऱ्यामुळे काढलं. तुझी इतकी खात्री होती…" त्याने चमचा खाली ठेवला. व्हिनेगर ओट्यावर सांडलं, ते त्याने पुसलं नाही. "तुला सांगायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? माझी बढती हुकली, तेव्हा तू मला काय म्हणालीस, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"म्हणालीस, बाटल्या धुणाऱ्याला बढती म्हणजे काय, तर आणखी मोठी बाटली."

मला हसू आलं. देवाशपथ, पहिल्यांदा हसूच आलं, खपली ताणली गेली आणि कळ आली. "बरं मग, खोटं होतं का ते?"

"खरं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर आठ वर्षं लक्षात आहे."

त्या दुपारी घडी मी माझी मी ठेवली. डोळे मिटून बसले आणि एकेकाला समोर बसवलं. कॉलेजात नाटक बसवणारीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुला यातलं काही कळत नाही. मैत्रिणींना काय काय सांगितलं त्याची तर गणतीच नाही. बहिणीच्या नवीन घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हटलं होतं, "एवढ्या पैशांत ही कोंदट खोली?" सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळे गेले, आणि मी खापर फोडत बसले या खड्ड्यांवर. राग कुणाचा यावा तेच कळेना. नवऱ्याचा आला, कारण तो शेजारच्या खोलीत होता.

बाराव्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. त्या मुलीला कायम केलंय, तुम्ही घाई करू नका, निवांत बऱ्या व्हा, मागची खोली तुमचीच आहे. आजारी बाईला उलटं बोलता येत नाही म्हणून त्यांनी हीच वेळ निवडली असावी. मी पण काही बोलले नाही. त्यावरून त्यांना बहुधा माझ्या तब्येतीची काळजी वाटली असेल.

चौदाव्या दिवशी शेवटची खपली गेली. मी आरसा घेऊन बसले आणि कामाला बसल्यासारखा चेहरा तपासला. बारीक खड्डे भरले होते. गालांवरचे मोठे होते तिथेच होते. रंग भाजल्यासारखा गुलाबी, तो म्हणे महिन्या-दोन महिन्यांत उतरेल. हा चेहरा गिऱ्हाइकाचा असता तर मी विचारलं असतं, एवढा खटाटोप करून एवढंच? आणि ते खरंच असतं.

नवरा उन्हापासून जपायच्या क्रीमची ट्यूब घेऊन आला.

"अहो, बघा ना," मी म्हटलं. "कसा झालाय?"

तो वाकला. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून, खूप वेळ त्याने बघितलं.

"छान झालाय."

"खरं सांगा."

"खूपच छान. एक खड्डा दिसत नाही."

हे म्हणताना तो माझ्या कानाकडे बघत होता. बावीस वर्षं मी माणसांचे डोळे वीतभरावरून बघितलेत, ते कधी आणि कुठे वळतात हे मला कुणी शिकवायला नको. पण मला राग आला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, दाढी वाढली होती, चौदा रात्री तो दर चार तासांनी गजर लावून उठला होता. बसा जरा इथे, फार केलंत तुम्ही माझं, एवढंच मला म्हणायचं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं, आणि तो दोन पावलं मागे सरकला.