खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल

मी खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल बोलतोय. जन्म ईरोडच्या मागावर, नोकरी कुंभकोणमजवळच्या एका पंचायतीत. आमच्याकडे टॉवेल असलेली खुर्ची अध्यक्षाची, नसलेली कारकुनाची. झोप दोन्हींवर सारखीच लागते.

मागच्या निवडणुकीत अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं आणि कृष्णवेणीबाई निवडून आल्या. मला टेकून बसले मात्र त्यांचे यजमान पद्मनाभ. बाई शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, यजमान दाखवतील तिथे सही करत. लोक पद्मनाभांनाच अध्यक्ष म्हणत. त्यांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. त्यांच्या मानेचं खोबरेल मी वर्षभर प्यालो. दर शनिवारी बाई मला घरी नेऊन धूत. पंचायतीचं तेवढंच काम त्या कुणाला न विचारता करत.

बस थांब्यामागे पंचायतीची जागा होती. दारासुरमला रेशमाच्या मागांवर जाणाऱ्या बायकांसाठी तिथे शौचालय बांधू, असं सांगून बाईंनी मतं मागितली होती. पद्मनाभांनी ती जागा मित्रांच्या कॅरम मंडळाला कबूल केली. मंगळवारी सभेत तसा ठराव व्हायचा होता.

सोमवारी सदस्य शिवकामी बाईंना म्हणाली, "अम्मा, शब्द तुम्ही दिला होता. आम्ही काय संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायचं नाही?"

मंगळवारी सकाळीच येऊन बाईंनी मला बादलीत बुडवलं आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलं.

सभेला पद्मनाभ आले, तर खुर्ची उघडी.

"अगे, टॉवेल कोठे?" त्यांनी घरच्या मराठीत विचारलं.

"भिजविला."

"अय्यो, सभेच्या दिवशी? मी काय कारकुनाच्या खुर्चीवर बसू?"

"नका बसू. मी बसते." आणि बाई बसल्या.

पद्मनाभ तसेच उभे. "अण्णा, प्लॅस्टिकची रिकामी आहे की," शिवकामी म्हणाली. सगळे हसले.

"तीही सदस्यांची," बाई आता सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाल्या. "सदस्य नसतील त्यांनी बाहेर थांबावं."

पद्मनाभ व्हरांड्यात गेले. कॅरमऐवजी शौचालयाचा ठराव दोन मतांनी पास झाला. खाली सही करण्याआधी बाईंनी तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला. त्यात बराच वेळ गेला. कुणी घाई केली नाही.

मी संध्याकाळी वाळलो, पण मला परत खुर्चीवर कुणी घातलं नाही. हल्ली मी बस थांब्यामागच्या शौचालयात, नळाशेजारच्या खिळ्यावर असतो. दिवसाला साठ-सत्तर ओले हात माझ्यावर कोरडे होतात, आणि एकही मला मान देत नाही. पुढे कुणीही निवडून येवो, मला इथून हलवू नका. पिळून वाळत घाला, एवढंच.