मोजकाठीच्या पायाचा लेप

मी एक मोजकाठी बोलतेय. अंगाने पितळी, उंचीने दहा फूट, आणि एरवी ठार मुकी.

बाहेरून तेलाची जहाजं यायची थांबली, तर दवाखाने बंद पडू नयेत म्हणून सरकारने जमिनीखाली डिझेलची टाकी बांधली. तिच्यात तेल किती, हे सांगायला मला घडवलं. पितळेची, कारण पितळ घासलं तरी ठिणगी उडत नाही.

माझे पहिले मोजणीदार म्हणजे काका. मला टाकीत सोडण्याआधी ते माझ्या पायाला करडा लेप लावायचे. पाणी लागलं की तो लाल होतो. पाणी जड, तेलाखाली जाऊन बसतं; नुसत्या उंचीवरून ते कळत नाही.

काका निवृत्त झाले आणि लेपही संपला. नव्या मोजणीदाराने तीनदा मागितला. साहेब म्हणाले, "अरे, तेल मोजायचंय की काठीचा मेकअप करायचाय?" तेव्हापासून मी अनवाणीच उतरते.

टाकीच्या झाकणाचं रबर कुजलं होतं. प्रत्येक पावसात पाणी झिरपायचं. जनरेटर चालवून बघायला दर महिन्याला वरच्या नळाने तेल काढायचे, तरी माझ्यावरची खूण जागची हलायची नाही. "टाकीला बरकत आहे!" साहेब कौतुकाने सांगायचे. मी आतल्या आत चडफडायची.

गेल्या आठवड्यात जहाजं खरंच थांबली. आज सकाळी वीज गेली. दवाखान्यात तासाभराचं डिझेल उरलं होतं, म्हणून टँकर तळाच्या मोठ्या नळावर भरून धावत पाठवला. नव्या मोजणीदाराची आई तिथेच आहे, श्वासाच्या यंत्रावर.

मला पुसताना तो म्हणाला, "टाकी भरलेली आहे गं, काठीबाई. आईची काळजी मिटली." मला रडताही येत नाही.

एवढ्यात टँकर गेल्याचं ऐकून काका धापा टाकत आले. घरी ठेवलेला लेपाचा जुना डबा त्यांच्या हातात होता.

"लेप लावून बघितलंस ना रे?"

"नाही काका. तो मिळालाच नाही."

काकांनी डबा खरवडून मला छातीपर्यंत लेप फासला आणि खाली सोडलं. बाहेर आले ती कमरेपर्यंत लालभडक. "तळाच्या नळाने टँकरमध्ये पाणीच गेलंय रे!" काका ओरडले.

आता तो दवाखान्यात फोन लावतोय. काकांनीही फोनला कान लावलाय. रिंग वाजतेय, वाजतेय.

अहो, उचला ना कोणीतरी.