डायरीतलं अकरावं नाव

वेरूळची लेणी दाखवतो म्हणून नवऱ्यानं गाडीत बसवलं आणि दाखवलं काय, तर तीर्थपुरीच्या अलीकडची, रस्त्याखालची एक मोरी. इथं मी सायकलवरून पडल्तो, म्हणाले. मी मोरी बघितली. मोरीसारखी मोरी. माझे गुडघे भरून आल्ते, उन्हानं जीव चाललेला, आणि हा माणूस खाली उतरून मोरीचा फोटो काढून राह्यला.

आमचे हे, संघपाल गुरुजी, शिक्षक म्हणून रिटायर झाले. पण शाळेत लागायच्या आधी तीन वर्षं ते धम्मप्रचारक होते. शहागडच्या विहाराच्या खोलीत राहायचे, सायकलवर गावोगाव फिरून पंचशील शिकवायचे, लग्नं लावायचे, आणि मुख्य म्हणजे लेकरांची नावं बदलायचे. त्या काळी ज्या घरात दोन-तीन लेकरं जायची, तिथं पुढच्याला दगडू, कचरू, धोंडी असलं काही तरी म्हणायचे. म्हणजे नजर लागू नये, लेकरू जगावं. ह्यांना त्याचा भारी राग. विहारात लेकरू मांडीवर घेऊन चांगलं नाव ठेवायचे, आणि वर ग्रामपंचायतीत जाऊन जन्माच्या नोंदीत बी तेच लिहायला लावायचे. अशी अकरा नावं एका डायरीत. त्या अकरा जणांना भेटायचं, ही आमची सहल. मला हे कळलं परभणी मागं पडल्यावर.

तरी मी गाडी फिरवायला लावली न्हाई, त्याला कारण होतं. ते आधीच सांगून टाकते. ह्यांच्या प्रचाराच्या दुसऱ्या वर्षी मला पहिली मुलगी झाली, माहेरी. हे आले न्हाईत, कुठं तरी कार्यक्रम होता. नाव आम्ही दोघांनी आधीच ठरवलेलं, विशाखा. पण बाप येऊन विहारात ठेवील म्हणून मी तिला त्या नावानं हाक मारली न्हाई. नुसतं बाळ, बाळ करत राह्यले. बाराव्या दिवशी ती गेली. तार केली. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले, तोवर सगळं आटोपल्तं. तेव्हापासून अडतीस वर्षं झाली, ह्या माणसानं त्या लेकराबद्दल माझ्यापाशी एक शब्द काढला न्हाई. दुसरी मुलगी झाली तेव्हा मी म्हणलं, विशाखाच ठेवू. ते नको म्हणाले आणि उठून गेले. मंग नर्सनं सुचवलेलं प्रिया ठेवलं. एकदा, फक्त एकदा ह्यांनी माझ्यासमोर तिचं काही बोलावं, एवढंच मला पाहिजे होतं. म्हणलं, ते दिवस जिथं घालवले तिथं गेल्यावर तरी तोंड उघडेल.

तोंड उघडलं, पण नावं विचारायला. तीर्थपुरीत हे प्रत्येकाला जय भीम घालून विचारायचे, इथं सिद्धार्थ कुठं राहतो? कुणाला माहीत न्हाई. आनंद? न्हाई. अर्धा तास वस्तीत फिरलो. शेवटी पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्यानं डोकं खाजवून विचारलं, बाप कोन त्याचा? ह्यांनी बापाचं नाव सांगितलं. मंग म्हातारा हसायलाच लागला. म्हणाला, अहो, कचरू म्हना की! तो पुण्याला हाय. आनंद म्हणजे दगडू, तो गेल्या साली वारला. तिथल्या बाकीच्या चार नावांची बी तीच गत. सिद्धार्थ-आनंद फक्त आधार कार्डावर. मला बी हसू आलं. ह्यांचा चेहरा बघून मी तोंडाला पदर लावला.

अंकुशनगरला तर त्याहून वाईट. तिथल्या चार नावांचे आई-बाप ऊसतोड करणारे. हंगामाला आलेले, हंगाम संपल्यावर गेलेले. कारखान्याच्या गेटवरचा माणूस म्हणाला, साहेब, टोळ्यांची लेकरं आता कुठं शोधता? बराबरच बोलला तो. पण हे ऐकतील तर ना. डायरी त्याच्या नाकाशी धरून, महेंद्र, संघमित्रा, असं वाचून राह्यले. त्यानं आत जाऊन पंखा लावला.

मी म्हणलं, "बस झालं आता. वेरूळ जाऊ द्या, घरी तरी न्या."

हे म्हणाले, शहागड राहिलं. एकच नाव राहिलं. कुठलं म्हणून विचारलं, तर डायरी मिटून खिशात घातली. बाकीची दहा घसा ताणून वाचली आणि अकरावं खिशात! माझं टाळकं सरकलं. ताशी चाळीसनं गाडी हाकून राह्यले, मागून ट्रकवाले भोंगे मारून शिव्या घालून राह्यले, आणि हे गप. असल्या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

शहागडला हायवेच्या कडेला एका चहाच्या हॉटेलापुढं गाडी थांबवली. बाहेर बाजेवर एक सत्तरीची बाई शेंगा फोडत बसल्ती. हे जवळ गेले, म्हणाले, चतुराबाई, ओळखलं का? बाईनं डोळे बारीक करून बघितलं आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठलीच. गुरुजी, म्हणाली. अख्ख्या दिवसात ह्यांना ओळखणारं पहिलं माणूस. मला खरंच बरं वाटलं. आत शेगडीपाशी तिची मुलगी ट्रकवाल्यांना चहा गाळून देत होती, चांगली अंगापिंडानं भरलेली, हात जल्दी चालणारा. चतुराबाईनं तिला हाक मारली, धोंडे, दोन चहा आन गं, गुरुजी आले.

हे बाजेवर बसल्ते, ते एकदम उभे राह्यले. "धोंडी म्हणता तिला? मी ठेवलेलं नाव?"

मी म्हणलं, घ्या, इथं बी तेच. पण चतुराबाईनं हसण्यावारी नेलं न्हाई. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मंग ह्यांच्याकडं, आणि खाली बघून बोलली.

"गुरुजी, राग नका धरू. हिचं नाव ठेवायच्या दिशी सकाळीच तुम्हाला लेक गेल्याची तार आल्ती. तुम्ही पोरीला मांडीवर घेतलं अन् तुमच्या डोळ्याचं पानी तिच्या अंगावर पडाय लागलं. म्हन्ले, विशाखा हे माझ्या लेकीचं नाव व्हतं, आता तुमच्या लेकीला देतो. माझी तिच्या आधी तीन गेल्ती, गुरुजी. गेलेल्या लेकराचं नाव घेऊन जित्या लेकराला हाक मारायची छाती झाली न्हाई मला. पंचायतीत तुम्ही लिहून गेलात, ते तिथंच राह्यलं."

मी बाज धरून बसले. अडतीस वर्षं मी ज्या एका शब्दाची वाट बघितली, तो ह्या माणसानं शहागडच्या एका परक्या बाईपुढं बोलून टाकल्ता, ते बी माझ्याआधी. रडला बी तिथंच. मला न विचारता माझ्या लेकराचं नाव देऊन मोकळा झाला, आणि माझ्याकडं आला तो कोरड्या डोळ्यांनी.

"मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मंग म्हणाले, "आपल्या घरी ते नाव कुणी घेणार नव्हतं, बेबी. म्हणलं, इथं तरी रोज कुणी तरी तिला हाक मारेल." म्हणजे अडतीस वर्षं हे त्याच भरवशावर गप होते. आणि इथं कुणी एकदा बी हाक मारली न्हाई.

शिव्या घालायला तोंड उघडलं होतं मी. सगळी गाठोडी बांधून तयार होती. पण ह्यांच्याकडं बघितलं आणि एक बी बाहेर निघेना.

मी चतुराबाईला म्हणलं, तुमची पोर अडतीस वर्षांची झाली, आता त्या नावानं काय होतंय तिला? चतुराबाईनं पदर तोंडाला लावला, पण मानेनं न्हाई म्हणाली न्हाई.

मी शेगडीकडं वळून हाक मारली. "विशाखा."

ती कपात चहा ओतत होती. ओततच राह्यली. कुणाला हाक मारली ते तिला कळलंच न्हाई. एका ट्रकवाल्यानं मान वर करून बघितलं.

मी उठून दोन पावलं पुढं गेले आणि पुन्हा मारली, घरातून अंगणात खेळणाऱ्या पोरीला मारावी तशी. "विशाखा!"

तिचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं, मागं कुणी हाय का बघितलं, आणि मंग म्हणाली, "ओ?"

काय सांगू तिला? अडतीस वर्षांत हाक मारलीच नव्हती, तर ओ आल्यावर पुढं काय बोलायचं ते ठाऊक न्हाई.

"काही न्हाई बाई," मी म्हणलं. "चहात साखर कमी टाक. तुझ्या गुरुजींना शुगर हाय."