मुलाखतीआधीचा रविवार

प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यापासून मृणालिनीताई दर रविवारी मुलुंडच्या आपल्या हॉलमध्ये सहा मुलांना पीएचडीच्या मुलाखतीसाठी तयार करत. सगळी चाळी-वस्त्यांतली, घराण्यात कॉलेजचं तोंड पहिल्यांदाच पाहिलेली. त्यांत विक्रोळीची प्रांजल सगळ्यांत तल्लख. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या जंतूंवर तिला काम करायचं होतं.

त्या दिवशी ती फळ्यापाशी उभी राहून प्रयोग समजावत होती. दार उघडंच होतं. तिचा थोरला भाऊ राजेश आत घुसला, त्यानं तिचे केस धरले आणि डोकं फळ्यावर आपटलं.

"पावणे तुका बघूक घराक येवन बसलेत, आणि तू हय?"

भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं पुन्हा आपटलं. मुलं भिंतीला चिकटली. ताई मध्ये पडल्या. उभ्या आयुष्यात त्यांच्या अंगावर कुणी हात टाकला नव्हता. राजेशनं कोपर हाणलं, त्या टीपॉयवर कोसळल्या आणि मनगट कडकन मोडलं.

"तूच बिघडवलंस हिला, म्हातारे!" त्यानं लाथ उगारली.

प्रांजलनं लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो किंचाळत खाली पडला. ती मारतच राहिली. गुडघ्यावर, बरगड्यांवर. ताईंना ओरडून थांबवता आलं असतं. पण क्षणभर त्यांना तिनं थांबूच नये असं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्यांना भीती वाटली. शेवटी वर्गातल्या हर्षदनं तिला मागून कवटाळून ओढलं.

पोलीस ठाण्यात तिचे वडील दत्ताराम तिच्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या घराची पायरी चढू नको."

ती ताईंकडेच राहिली. गुरुवारी दोघी रिक्षातून मुलाखतीला निघाल्या. एकीच्या भुवईवर पाच टाके, दुसरीच्या हाताला प्लॅस्टर.

"हे काय झालं असं विचारलं तर?"

"खरं सांग."

"आणि मी त्याचा पाय मोडला, ते?"

ताईंनी रिक्षावाल्याला संस्थेचं गेट दाखवलं.

तिथे कुणी काही विचारलंच नाही. पाऊण तास फक्त क्षयावर बोलणं झालं. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. तोवर वर्गातली तिघं यायची बंद झाली होती. त्यांच्या घरच्यांनी धसका घेतला होता.

प्रांजलनं पहिला फोन आईला लावला. सुगंधानं सगळं ऐकून घेतलं. हुंदका दाबल्याचा आवाज आला.

"राजेश घरात आसा," ती कुजबुजली. "मागाहून कर गो."