मंडईतलं बांगड्यांचं ताट

दिवाळीनंतर चिमूरकडच्या आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि दुपारी शाळकरी पोरांची कबड्डी होते. मैदानाच्या कडेला हिरव्या बांगड्यांचं ताट मांडलेलं असतं. सामना अर्धवट सोडणाऱ्या पोराच्या हातात त्या गावासमोर भरायच्या. याला आमचे शहाणे परंपरा म्हणतात!

यंदा दहावीतला भूपेश चढाईला गेला आणि चौघांनी त्याला आपटलं. डोकं जमिनीवर आदळलं. शिक्षक नानाजींनी कांदा फोडून नाकाशी धरला, पोरगा उठला, टाळ्या पडल्या. रक्त नाही म्हणजे लागलंच नाही, एवढंच आमचं ज्ञान.

"सर, आपला सामना कोनासंग हाय?" भूपेशनं विचारलं. नानाजींनी सांगितलं. घोटभर पाणी पिऊन त्यानं पुन्हा तेच विचारलं, मग कडेला जाऊन ओकला.

त्याची आई गोकुळा आरोग्य उपकेंद्रात झाडलोट करते. ती कडेला उभी राहून हे बघत होती. गेल्या मंडईत इस्तारीचा पोरगा प्रणित असाच आपटला, असाच ओकला. त्याला पुन्हा उतरवलं, दुसऱ्यांदा पडला तो उठलाच नाही. "डोक्याला मार लागला की खेळ बंद! आतली इजा दिसत नाही," असं डॉक्टर तेव्हा ओरडले होते. गाव हळहळलं आणि यंदा पुन्हा ताट मांडून बसलं.

गोकुळानं मैदानात शिरून लेकाचा दंड धरला. "याले दवाखान्यात नेतो."

"पाच मिनटं राह्यले, बाई! गावाची इज्जत जाईन," नानाजी खेकसले.

"इज्जत तुमची, डोस्कं माया पोराचं."

"भरा बांगड्या त्याले!" गर्दीतून शिट्ट्या आल्या, शिव्या आल्या, ताटही आलं.

"माय, मले खेलू दे," भूपेश रडू लागला.

गोकुळानं त्याचा हात स्वतःच पुढे केला. "भरा. जित्या हातातच भरता येते बांगड्या."

ताट धरणारा थबकला. तेवढ्यात गर्दीतून इस्तारी पुढे आला. "मीच म्हनलो होतो प्रनितले, ऊठ, नाक कापू नोको," एवढंच तो बोलला आणि त्यानं आपली फटफटी काढली.

डॉक्टरांनी भूपेशला महिनाभर मैदान बंद केलं. पोरगा वाचला. गावानं मात्र गोकुळाशी बोलणं टाकलं.

पुढच्या मंडईत ते ताट पुन्हा निघेल. वाचकहो, त्या गर्दीत तुम्हीही असाल. एखादं पोर तेच तेच विचारू लागलं, तर तुम्ही शिट्टी वाजवणार की त्याच्या आईला वाट देणार?